जोडीचं पुस्तक

भोपाळला शाहपुऱ्याच्या स्नेहवर्धक मंडळाच्या वाचनालयात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. शशिकला भुसारी बाईंनी त्या दिवशी एक चप्पल काढली, आणि दुसरी काढायच्या आत त्यांची नजर दाराशेजारच्या फळ्यावर गेली. मग एका पायात चप्पल तशीच ठेवून त्या तरातरा आत आल्या आणि ग्रंथपालाच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“रमेश, हे कोणी लिहिलं?”

फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की वाचकांचा वैचारिक साहित्याकडे वाढता कल लक्षात घेता मंडळाने रंजन विभाग बंद करण्याचे योजिले आहे. सदर कपाटातील पुस्तके रद्दीत काढण्यात येतील. शनिवारच्या वार्षिक सभेत ठराव मांडला जाईल. त्याच प्रसंगी वाचनालयातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकाचे लेखक आणि मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक विलास कोरान्ने यांचा सत्कार करण्यात येईल. नंतर अल्पोपाहार.

“सरांनी सांगितलं, मी लिहिलं,” रमेश म्हणाला. “आता मॅडम, रजिस्टरच तसं बोलतंय, तर मी काय करणार?”

“रजिस्टर बोलतंय? आणि माणसं मेलीत का सगळी?”

वाचायला बसलेल्या दोघातिघांनी माना वर केल्या आणि लगेच पुन्हा वर्तमानपत्रात खुपसल्या. बाईंचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सरकारी शाळेत सगळी हयात हिंदीतून गणित शिकवण्यात गेली होती बाईंची, आणि शेवटच्या बाकावरचं पोरगं जागं ठेवायचा तो आवाज निवृत्तीनंतरही खाली आला नव्हता.

आता या रागाचं मूळ समजायचं तर मंडळाचा एक नियम माहीत असायला हवा. असा नियम दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असेल असं वाटत नाही. नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर आलेली घरं, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरकडून नोकरीला आलेली घरं, अशा सगळ्यांनी मिळून हे वाचनालय उभं केलं. विलासराव कोरान्ने त्याचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना दिसलं, की लोक येतात ते थेट खिडकीजवळच्या कपाटाकडे जातात. त्या कपाटात खून होते, भुतं होती, पळून जाणाऱ्या मुली होत्या, सुनांचा छळ करणाऱ्या सासवा होत्या आणि शेवटी त्या सासवांची उतरलेली मिजास होती. समोरच्या भिंतीला वैचारिक ग्रंथांची कपाटं होती, आणि त्यांच्या काचांवरची धूळ पुसायचं काम तेवढं रमेशला होतं. विलासराव तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांना हे सहन होईना. त्यांनी नियम केला. रंजन विभागातलं पुस्तक हवं असेल, तर त्याबरोबर वैचारिक विभागातलं एक न्यायलाच हवं. दोन्हींची नोंद एकदमच होईल.

लोकांनी कुरकुर केली नाही. आपले लोक असल्या बाबतीत कुरकुर करत नाहीत, वाट काढतात. वैचारिक पुस्तकाला सगळे जोडीचं पुस्तक म्हणायला लागले. ते घरी न्यायचं, टीव्हीच्या टेबलावर ठेवायचं, आणि खुनाचं वाचून झालं की दोन्ही परत करायची. जोडीचं घेताना एवढंच बघायचं, की ते पिशवीत जड होऊ नये. आणि सगळ्या वैचारिक विभागात सगळ्यांत बारीक पुस्तक होतं ते खुद्द विलासराव कोरान्न्यांचं. ‘अभिरुचीचे अधिष्ठान’. ते मंडळानंच छापलेलं असल्यामुळे त्याच्या भरपूर प्रती होत्या. कोलार रोडहून बसनं येणाऱ्या बायका, गुडघे दुखणारे म्हातारे, सगळे हात लांब करून तेवढंच उचलायचे. चुरमुऱ्यासारखं हलकं पुस्तक. विषय मात्र अगदी जड, वाचकाने काय वाचावे हा.

आणि त्या नियमाच्या जोरावर रजिस्टरात असं दिसायला लागलं, की रंजनाइतकीच मागणी वैचारिकाला आहे, आणि भोपाळच्या मराठी माणसाचं सगळ्यांत लाडकं पुस्तक आहे ‘अभिरुचीचे अधिष्ठान’. स्वतःच दोरी बांधून बैल आणायचा आणि मग बैल आपणहून आला म्हणून त्याची आरती करायची, असला हा प्रकार. विलासरावांनी ते आकडे बघितले आणि त्यांचे डोळे भरून आले म्हणतात. लोक सुधारले होते. मग आता खिडकीजवळचं कपाट कशाला हवं?

बाईंना हवं होतं. त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच होती. त्यांना दुसरं काही व्यसन नव्हतं. मालिका त्यांना आवडत नसत, कारण मालिकेत बायका पायऱ्या उतरायलाच आठवडा लावतात. त्यांना पुस्तक हवं असे, आणि ते निवडायची त्यांची स्वतःची कसोटी होती. कपाटासमोर उभं राहून त्या पहिलं पान वाचत, मग दुसरं. दुसरं पान संपायच्या आत कोणीतरी कोणाशी तरी खोटं बोललं पाहिजे. बोललं, तर पुस्तक घरी. नाही बोललं, तर परत जागेवर. मुखपृष्ठावर कंदील घेतलेली बाई असो की रक्ताचा थेंब, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण अक्षर मोठं हवं, आणि प्रकरण असं हवं की कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपेल, आणि संपताना असं संपेल की गॅस बंद करून माणूस पुढचं प्रकरण ओट्यापाशी उभ्यानंच सुरू करेल.

हे सगळं त्या कपाटात होतं. नवरा गेल्यानंतरची दुपार काढायला त्यांच्यापाशी ते एक कपाट होतं.

घरी आल्यावर त्यांनी निनादला सगळं सांगितलं. निनाद मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर, दिवसभर तिथल्या कटकटींनी वैतागून आलेला.

“यार आई, तू फालतू टेन्शन घेते,” तो बूट काढत म्हणाला. “सभेत तू असं बोल ना, की बच्चा लोकांना मराठीची सवय लागावी म्हणून हे कपाट पाहिजे. नवी पिढी, मातृभाषा, वगैरे वगैरे. एकदम सॉलिड पॉइंट आहे. कोणी नाही म्हणूच शकणार नाही.”

“पण मला मुलांसाठी नकोय.”

“मग कोणासाठी?”

“माझ्यासाठी. मला आवडतं म्हणून.”

“हो, पण तसं नाही ना बोलू शकत सभेत.”

“का नाही?”

निनाद उठला. तो हात धुवायला गेला. बाईंना त्याचा राग आला आणि मग त्याच्या जागी सगळ्यांचाच आला. मुलांच्या कल्याणासाठी मागितलं तर मिळेल, भाषेच्या कल्याणासाठी मागितलं तर मिळेल. एका बाईला दुपारी मजा यावी म्हणून मागितलं तर लोक असं बघतील, जसं काही तिनं चौकात उभं राहून विडी ओढायला मागितली. आयुष्यभर वर्ग सांभाळले, सासर सांभाळलं, पोराला शिकवलं, त्याच्या बापाचं दुखणं काढलं. आता तरी एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून मागायची सोय नको?

रात्री प्रमिला ताटकेचा फोन आला. प्रमिला त्यांच्याच कॉलनीतली, दोघी एकाच बसनं वाचनालयात जात. कपाटातली भुतांची सगळी पुस्तकं प्रमिलानं निदान दोनदा वाचलेली.

“शशीताई, तुम्ही बिलकुल घाबरू नका,” प्रमिला म्हणाली. “आपण सगळे तुमच्या सोबत आहोत. मी तर पहिला हात वर करीन. अपर्णा पण म्हणाली. अन् ते सुरेशभाऊ तर म्हणे, कपाट गेलं तर मी मेंबरशिपच सोडतो.”

बाईंना जरा बरं वाटलं. तसं वाटायला नको होतं.

शनिवारी सभेला दालन भरलेलं होतं. मागे सामोशांचा वास सुटला होता. विलासराव कोरान्ने खादीचा झब्बा घालून मधल्या खुर्चीवर बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे खरं तर बाईंना ठाऊक होतं. मंडळासाठी त्यांनी उन्हातान्हात वर्गण्या गोळा केल्या होत्या, सरकारदरबारी खेटे घातले होते. पण चांगला माणूस आपल्या भल्याचं करायला लागला की त्याला आवरणं कठीण. वाईटाला निदान शिव्या तरी घालता येतात.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि ‘अभिरुचीचे अधिष्ठान’च्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन. विलासराव बोलायला उभे राहिले. म्हणाले, मला आयुष्यभर सांगण्यात आलं की लोकांना सकस नको असतं, सवंग हवं असतं. भोपाळच्या वाचकांनी ते खोटं पाडलं. हा सत्कार माझा नाही, तुमच्या अभिरुचीचा आहे. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलानं वाजवल्या. अपर्णानं वाजवल्या. सुरेशभाऊंनी तर डोक्याच्या वर हात नेऊन वाजवल्या.

बाईंनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

मग चिटणीसांनी ठराव वाचला. विलासराव लोकशाहीवादी. ते म्हणाले, “कोणाचा विरोध असेल तर मोकळेपणानं सांगावा. रंजन विभाग राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा.”

शशिकलाबाईंनी हात वर केला. केला, आणि मग सवयीनं वर्गावरून नजर फिरवावी तशी दालनावरून फिरवली. प्रमिला पर्समध्ये काहीतरी शोधत होती. अपर्णा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सुरेशभाऊ छताचा पंखा बघत होते. गेल्या आठवड्यात ज्यांनी रमेशशी ‘विषारी मोगरा’साठी भांडण केलं होतं, ते गृहस्थ डोळे मिटून चिंतन करत होते. सगळ्या दालनात एकच हात वर होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“एकच?” विलासराव हसून म्हणाले. हसणं मायेचं होतं, म्हणून जास्त झोंबलं. “शशिकलाबाई, हळूहळू तुम्हालाही गोडी लागेल. इतरांना लागलीच की.”

बाई उठल्या. हात खाली न घेताच उठल्या.

“कोणाला लागली?” त्या म्हणाल्या. “सर, तुमचं पुस्तक सगळ्यांत जास्त का जातं, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?”

“ताई, बसा ना,” प्रमिला मागून कुजबुजली.

“तू गप्प. तुझा हात कुठे गेला होता मघाशी? सर, तुमचं पुस्तक जातं, कारण ते बारीक आहे. खुनाचं पुस्तक हवं असेल तर जोडीला एक जड न्यावं लागतं, आणि तुमचं सगळ्यांत हलकं भरतं. पिशवीत जाणवत नाही. म्हणून जातं. मीही नेते. इथे बसलेले सगळे नेतात. घरी नेऊन उघडत सुद्धा नाहीत, तसंच परत आणतात. तुम्ही आम्हाला सुधारलं नाही, सर. आम्हाला खोटं वागायला शिकवलंत, आणि आम्ही ते फार लवकर शिकलो.”

विलासरावांच्या खांद्यावरची शाल एका बाजूनं घसरली. ती सावरायची त्यांना आठवण राहिली नाही.

“हे खरं आहे का?” त्यांनी सगळ्यांना विचारलं.

कोणी बोललं नाही. मघाशी ज्या गप्प बसण्यानं बाईंना एकटं पाडलं होतं, तेच गप्प बसणं आता विलासरावांच्या वाट्याला आलं. बाईंना त्यात आनंद झाला नाही. उलट आणखी संताप आला, की हे लोक बाजू घेतानाही तोंड उघडत नाहीत आणि सोडतानाही उघडत नाहीत.

“निदान एकानं तरी सांगावं,” विलासराव म्हणाले. “त्यातला एक मुद्दा. एखादं वाक्य. काहीही.”

सुरेशभाऊ घसा साफ करून म्हणाले, “सर, भाषा फार ओघवती आहे आपली.”

त्यावर कोणाला हसूही आलं नाही.

“मी सांगते,” शशिकलाबाई म्हणाल्या. “मी वाचलंय. पूर्ण वाचलंय. मी नेलेल्या कादंबरीची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती, खुनी कोण तेच कळेना, डोकं असं फिरलं की हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. ते तुमचं होतं. सर, मी गणिताची बाई आहे, मला तत्त्वज्ञान कळत नाही, तरी मी पानामागून पान वाचलं. मला त्यातलं एकच पान आठवतं. तुमच्या आईचं.”

विलासरावांनी मान वर केली.

“तुम्ही लिहिलंय, की तुमची आई चुलीपुढे बसून कुठलीतरी सुमार कादंबरी वाचत होती. दूध उतू गेलं. चूल विझली. तुमचे वडील अंगावर ओरडले. तरी त्या माउलीनं डोकं वर केलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती वाचत होती. सर, तुमच्या सगळ्या पुस्तकात तेवढं एक पान जिवंत आहे. ते वाचताना मला ती बाई समोर दिसली. आणि त्या पानाच्या शेवटी तुम्ही काय लिहिलंत? अभिरुचीचं अधःपतन. दिवसभर राबलेली बाई घटकाभर स्वतःचं काही वाचते, त्याला अधःपतन. आज शाल घेतलीत ना पुस्तकाबद्दल? मग मला एवढंच सांगा. तुमचं पुस्तक वाचताना आजवर कोणाच्या घरी दूध उतू गेलंय?”

त्या बसल्या. हात आता कुठे खाली आला. चिटणीस घाईघाईनं उठले. म्हणाले, भावना समजल्या, पण नियमाप्रमाणे बघायचं तर ठरावाच्या विरोधात एकच हात होता, तेव्हा ठराव संमत झाला आहे, आणि सामोसे गार होत आहेत.

बाहेर चपला घालताना बायकांनी त्यांना गराडा घातला. आत मूग गिळून बसलेल्यांना बाहेर वाचा फुटली होती.

“काय मस्त बोलल्या, ताई! एकदम बरोबर बोलल्या,” अपर्णा म्हणाली.

“मी तर हात वर करणारच होती,” प्रमिला म्हणाली, “पण आमचे हे बाजूलाच बसलेले. त्यांना काय माहीत मी घरी काय वाचते ते. त्यांना वाटतं मी सरांचंच वाचते.”

बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती दोन पावलं मागे सरली. “प्रमिला, माझ्यावर तो म्हातारा हसला ना, त्याचं मला काही नाही. तो मनापासून हसला. तुम्ही लोक मनापासून गप्पही बसत नाही. मिजास काय ती वाचकाची! घरी भुतं वाचायची आणि बाहेर भुतासारखं तोंड लपवायचं. माझ्याशी बोलू नकोस.” आणि त्या बसला न थांबता, उन्हातून, रिक्षा धरून निघून गेल्या.

रविवारी सकाळी रद्दीवाला आपली हातगाडी घेऊन वाचनालयाच्या फाटकाशी आला तेव्हा शशिकलाबाई तिथे आधीच उभ्या होत्या. रमेशनं कपाट रिकामं केलं, गठ्ठे बाहेर आणून टाकले. रद्दीवाला तराजू काढायला लागला, तर बाई म्हणाल्या, “भैया, तौलना मत। ये सब मेरा है।” त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला लगेच कळलं. सौदा तिथेच उरकला. निनाद गाडी घेऊन यायचा होता, तोपर्यंत बाई फाटकाजवळच्या ओट्यावर, गठ्ठ्यांच्या मधोमध बसून राहिल्या.

आणि मग गंमत सुरू झाली. शाहपुऱ्याच्या तलावावरून फेरफटका मारून येणारी माणसं त्या बाजूनं जायला लागली. ज्यांचा रस्ता तिकडून नव्हता तीही. आधी अपर्णा आली, हातात कापडी पिशवी. मग तोंडाला रुमाल बांधलेले सुरेशभाऊ. मग डोळे मिटून चिंतन करणारे गृहस्थ, या वेळी डोळे उघडे ठेवून. सगळे एकमेकांना न बघितल्यासारखं करत रद्दीवाल्याला शोधत होते, आणि रद्दीवाल्याच्या जागी बाई बसल्या होत्या. शेवटी प्रमिला आली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “एक द्या ना. ते आपलं, मागच्या वेळचं.”

“मागच्या वेळचं कोणतं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. सगळ्या रस्त्याला माहीत नाही. नाव घे. मोठ्यानं घे. आणि सांग की तुला आवडतं. हात वर करता आला नाही ना? मग तोंड तरी उघड. नाहीतर सगळी गाडीत घालून घेऊन जाईन, आणि कोणाला एक पान दाखवणार नाही.”

प्रमिलानं इकडे तिकडे बघितलं. समोरून दूधवाला चालला होता, फाटकात रमेश उभा होता, सुरेशभाऊ झाडामागे होते. तिचं तोंड लाल झालं. “‘तळघरातली सून’,” ती म्हणाली.

“ऐकू आलं नाही.”

“‘तळघरातली सून’!” प्रमिला ओरडली. “मला पाहिजे! मला आवडते! मी चारदा वाचली, अजून चारदा वाचीन!” आणि ओरडून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् ती भांडल्यासारखं पुस्तक हिसकावून घेऊन छातीशी धरून उभी राहिली.

मग सुरेशभाऊंनी रुमाल सोडला. मग बाकीच्यांची तोंडं उघडली. ज्यानं त्यानं आपापलं नाव उच्चारलं, कोणी लाजून, कोणी चिडून. बाई कोणालाही सूट देत नव्हत्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता, आणि तो गेला नव्हता हे बरंच झालं. तो गेला असता तर त्यांनी ती पुस्तकं तशीच वाटून टाकली असती, आणि सगळे पुन्हा मान खाली घालून घरी गेले असते.

बोलणं एकदम थांबलं, म्हणून बाईंनी वर बघितलं. विलासराव कोरान्ने फाटकाशी उभे होते. कालचाच झब्बा अंगावर होता, चुरगळलेला. लोकांनी पुस्तकं पाठीमागे लपवली, आणि मग बाईंकडे बघून पुन्हा पुढे घेतली.

“शशिकलाबाई,” ते म्हणाले, “मला एक पुस्तक हवं आहे.”

“कोणतं?”

“आई वाचत होती ते.”

“नाव?”

विलासरावांनी गठ्ठ्यांकडे बघितलं. “माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“मी लहान होतो. मला वाटलं, कसलं काय असणार. नंतर लिहिलं तेव्हाही...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“तिला विचारलं नाहीत?”

“नाही.”

“तिच्यावर अख्खं पान लिहिलंत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला. “ती रडत होती ते लिहिलंत. दूध लिहिलंत, चूल लिहिलीत. आणि कशासाठी रडत होती ते एकदा तोंड उघडून विचारलं नाहीत?”

“आता कोणाला विचारू?” विलासराव म्हणाले.

अपर्णानं हळूच बाईंच्या खांद्याला हात लावला, म्हणजे, जाऊ द्या ना आता. बाईंनी तो हात झटकला. म्हातारा माणूस होता, रात्रभर झोपला नसावा, डोळे सुजलेले होते. त्यांना कीव आली. पण कीव आली म्हणून नियम मोडला, तर प्रमिलानं कशासाठी ओरडायचं होतं?

“नाव घेतल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना तोच नियम आहे. तुम्हालाही.”

विलासरावांनी मान डोलावली. मग ते खाली वाकले, एका हातानं ओटा धरून धुळीतच बसले, आणि पहिला गठ्ठा सोडला. वरचं पुस्तक त्यांनी झब्ब्याच्या टोकानं पुसलं, लांब धरलं, आणि नाव मोठ्यानं वाचलं. आवाज अजून वर्गातलाच होता, पण त्या नावापाशी अडखळला. त्यांनी पहिलं पान उघडलं, थोडं वाचलं, आणि मान हलवली. हे असेल की नसेल, त्यांना कळत नव्हतं. ते कधीच कळणार नव्हतं, आणि हे त्यांनाही आता समजलं होतं. त्यांनी बाईंकडे बघितलं.

“पुढचं वाचा,” शशिकलाबाई म्हणाल्या.